औषधाची बाटली आणि कायद्याचा पहारा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)

खोकल्याच्या औषधाची बाटली हाती घेतली तर तिच्यात नेमके काय आहे, हे पाहून, हुंगून किंवा चाखून कोणालाही सांगता येत नाही. धान्यातले खडे सुपात दिसतात. दुधात पाणी किती, हे अनुभवी गृहिणीला जिभेवर कळते. औषधाच्या बाबतीत मात्र ग्राहक, मग तो कितीही शिकलेला असो, डोळे मिटून विश्वास ठेवीत असतो. हा विश्वास सांभाळण्यासाठीच औषधांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. भारतात तो १९४० पासून आहे. गेल्या चार-पाच वर्षांत त्याच्या नियमांत आणि अंमलबजावणीत पुष्कळ फेरबदल झाले. वरवर पाहता ते कारखानदार आणि विक्रेते यांच्यापुरते वाटतात. परंतु त्यांचा शेवट गावातील एखाद्या तापाने फणफणलेल्या मुलाच्या चमच्यापाशी होतो. म्हणून या वर्गात त्यांचा विचार प्रस्तुत आहे.

विषय मोठा असल्याने तो एका द्रवापुरता मर्यादित ठेवलेला बरा. पॅरासिटामॉलसारखी औषधे पाण्यात सहजी विरघळत नाहीत. त्यांचे पातळ औषध करावयाचे तर ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांसारखा गोडसर, दाटसर द्रव वापरावा लागतो. याच कुळातला, दिसण्यात आणि चवीत जवळजवळ तसाच असलेला डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव रंग, छपाईची शाई, ब्रेक ऑइल अशा कारखानदारीच्या कामी येतो. तो स्वस्त असतो, आणि माणसाच्या पोटात गेला तर विष असतो. प्रथम ओकाऱ्या व पोटदुखी होते. मग लघवी कमी होत होत थांबते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि रोगी ग्लानीत जातो. लहान मुलाला थोडीशी मात्राही पुरते. औद्योगिक पिंप आणि औषधी पिंप यांच्यात डोळ्यांना दिसणारा फरक बहुधा वरच्या चिठ्ठीचाच असतो. औषधी ग्लिसरीन वा प्रोपिलीन ग्लायकॉल यांत या विषाचे प्रमाण ०.१० टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये, अशी मर्यादा आहे. ती पाळली गेली की नाही, हे केवळ प्रयोगशाळा सांगू शकते.

या द्रवाचा इतिहास जुना आहे. १९३७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध या द्रवात विरघळवून विक्रीस काढले आणि शंभरावर माणसे दगावली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचे बंधनच नव्हते. कंपनीवर दोष ठेवता आला तो एवढाच, की ज्यात मद्यार्क नाही अशा औषधाला तिने ‘एलिक्झिर’ म्हटले! दुसऱ्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला. भारतात याआधीच १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. बाजारात निकृष्ट आणि भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट झाल्याची तक्रार तेव्हाही होती. त्या समितीच्या शिफारशींमागोमाग १९४० चा औषध अधिनियम आणि १९४५ चे नियम आले. सौंदर्य प्रसाधनांचा समावेश नंतरचा.

महाराष्ट्राला या द्रवाची ओळख १९८६ मध्ये झाली. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांपैकी चौदा जण मरण पावले. मेंदूची सूज किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ते दिले जात असे. औषधी म्हणून आलेले ते ग्लिसरीन औद्योगिक होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. राज्य शासनाने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचा अहवाल आजही प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. त्यात केवळ पुरवठादाराला दोष देऊन प्रकरण मिटविलेले नाही. निविदा कशी मंजूर झाली, माल आल्यावर तो कोणी तपासला, परवाने कसे दिले गेले, औषध प्रशासन कोठे कमी पडले आणि वरून दडपण कसे आले, या एकेका पायरीचा हिशेब आयोगाने मांडला. विष एका पिंपातून आले खरे. पण ते रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी पाच-सहा दरवाजे उघडे राहावे लागले. पुढील प्रत्येक घटनेत थोड्याफार फरकाने हेच दिसते. १९९८ मध्ये गुडगाव परिसरात तीसहून अधिक मुले गेली. जम्मूमधील रामनगर येथे २०१९-२० मध्ये पुन्हा तेच झाले.

शिक्षेची तरतूद दरम्यान कडक होत गेली. बनावट औषधांच्या प्रश्नावर डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये अहवाल दिला आणि त्यात देहान्त शासनापर्यंत शिफारस केली. संसदेने २००८ मध्ये जी दुरुस्ती केली ती तितकी पुढे गेली नाही. तथापि भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू ओढवल्यास किमान शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आली. कमाल शिक्षा जन्मठेपेची राहिली. दंड निदान दहा लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जो अधिक असेल तो. वसूल झालेला हा दंड मृताच्या नातेवाइकांना भरपाई म्हणून देण्याचीही तरतूद आहे. या तरतुदीची माहिती खेड्यापाड्यांत क्वचितच कोणाला असते.

परंतु शिक्षा ही अपाय झाल्यानंतरची गोष्ट. अपाय होऊच नये म्हणून कारखान्याच्या आत काय घडले पाहिजे, हे नियमांची अनुसूची ‘एम’ सांगते, आणि अलीकडचा सर्वांत मोठा फेरबदल याच अनुसूचीत झाला. त्याला निमित्त परदेशात घडले. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील गॅम्बिया या छोट्या देशात आढळलेल्या चार भारतीय बनावटीच्या पातळ औषधांविषयी इशारा दिला. तेथे सुमारे सत्तर बालके मूत्रपिंडांच्या विकाराने दगावली होती. कारखान्यातील राखीव नमुने चाचणीत निर्दोष ठरल्याचे भारताने कळविले आणि त्यावरून मतभेद राहिले. पण त्याच वर्षाअखेर उझबेकिस्तानातूनही तशीच बातमी आली. मग केंद्र शासनाने २२ मे २०२३ रोजी अधिसूचना काढली. १ जून २०२३ पासून खोकल्याचे कोणतेही पातळ औषध शासकीय किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या दाखल्याविना निर्यात करता येणार नाही, असे ठरले. देशाची पत राखण्यासाठी ते आवश्यक होते. मात्र परदेशी जाणाऱ्या बाटलीला लावलेली ही चाळणी देशातच विकल्या जाणाऱ्या बाटलीला त्या वेळी लागली नाही. ही विसंगती पुढे महागात पडली.

सुधारित अनुसूची ‘एम’ २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आली. पूर्वी जिचा भर इमारत, यंत्रसामग्री आणि स्वच्छता यांवर होता, तिचा रोख आता गुणवत्तेच्या सबंध व्यवस्थेकडे वळला. कच्चा माल कोणाकडून घेतला आणि त्या पुरवठादाराची पडताळणी केली काय, उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यात कोठे धोका संभवतो, कृतीत बदल केला तर त्याची नोंद कोठे आहे, वर्षभरातील बॅचेसचा आढावा घेतला काय, तक्रार आल्यास माल बाजारातून परत कसा मागविणार, या सर्वांची लेखी उत्तरे कारखान्यापाशी असली पाहिजेत. कागद वाढला, अशी तक्रार काही कारखानदारांनी केली. ती सर्वस्वी खोटी नाही. पण जे लिहिलेले नाही ते केल्याचे कोणालाही सिद्ध करता येत नाही, हेही तितकेच खरे.

खरी अडचण लहान कारखान्यांची होती, आणि ती सहानुभूतीने समजून घेतली पाहिजे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने सांगितल्याप्रमाणे देशात औषध निर्मितीचे सुमारे साडेदहा हजार कारखाने असून त्यांपैकी सुमारे साडेआठ हजार सूक्ष्म, लघु आणि मध्यम गटातले आहेत. २५० कोटी रुपयांवर वार्षिक उलाढाल असलेल्या कारखान्यांना सुधारणेसाठी सहा महिने देण्यात आले, त्याखालील कारखान्यांना एक वर्ष. लहान कारखान्याला नवी हवा-व्यवस्था, नवी उपकरणे, प्रशिक्षित माणसे यांसाठी भांडवल उभारावे लागते आणि त्याचा माल तर अत्यंत कमी नफ्यावर विकला जातो. म्हणून अर्ज करून सुधारणेचा आराखडा देणाऱ्या लहान कारखान्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत वाढवून मिळाली. ती मुदत संपली आहे. दरम्यान डिसेंबर २०२२ पासून केंद्र व राज्य यांच्या औषध निरीक्षकांनी संयुक्तपणे, जेथे धोका अधिक तेथे आधी, या तत्त्वावर तपासण्या सुरू केल्या. २०२५ पर्यंत अशा ९०५ कारखान्यांची तपासणी होऊन ६९४ प्रकरणी कारवाई झाली. परवाना निलंबित करणे, उत्पादन थांबविणे, ताकीद देणे अशी ती कारवाई होती. शंभर तपासण्यांमागे सत्तरहून अधिक ठिकाणी काही ना काही करावे लागले, हे प्रमाण चिंता वाटावी असेच आहे. धोक्याची ठिकाणे मुद्दाम निवडली होती, हे ध्यानात घेऊनही.

हे सर्व चालू असतानाच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यत्वे परासिया भागात, सर्दी-तापाची मुले अकस्मात लघवी बंद होऊन आजारी पडू लागली. छिंदवाड्याची हद्द नागपूर जिल्ह्याला लागून आहे. मोठ्या उपचारासाठी तिकडच्या लोकांचा ओढा नागपूरकडे असतो. यातील अनेक मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणण्यात आली आणि त्यांपैकी कित्येक तेथेच गेली. एकंदर वीसहून अधिक बालकांचा अंत झाला. त्यांना दिलेले पातळ औषध तामिळनाडूतील एका लहान कारखान्यात तयार झाले होते. तेथील औषध प्रशासनाने संबंधित बॅचचा नमुना तपासला. मर्यादा ०.१० टक्क्याची, सापडले ४८.६ टक्के. म्हणजे बाटलीतील जवळजवळ निम्मा भाग विषाचा! निरीक्षकांनी त्या कारखान्यात साडेतीनशेहून अधिक त्रुटी नोंदविल्या. औषधी दर्जाचा नसलेला प्रोपिलीन ग्लायकॉल वापरल्याचेही त्यांच्या ध्यानी आले. कारखान्याचा परवाना रद्द झाला, मालकास अटक झाली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचची विक्री व वापर त्वरित थांबविण्याचा इशारा जारी केला.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. लहान कारखान्यांना मुदतवाढ दिल्यामुळेच हे घडले, असे पुष्कळांनी म्हटले. मुदतवाढ कितपत योग्य होती, याविषयी मतभेद संभवतात. परंतु कच्च्या मालाची प्रत्येक बॅच वापरण्यापूर्वी तपासावी आणि तयार औषधाचीही प्रत्येक बॅच तपासावी, हे बंधन सुधारित अनुसूचीने प्रथमच घातलेले नाही. ते १९४५ च्या नियमांत परवान्याची अट म्हणूनच आहे. इमारत सुधारण्यास मुदत मिळाली होती. पिंपातील द्रव न तपासता वापरण्यास कोणालाही, कधीही, एका दिवसाचीही मुदत मिळालेली नव्हती. स्वतःची उपकरणे नसतील तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून चाचणी करून घेण्याची सोय आहे. तेव्हा कमतरता नियमाची नव्हती. नियम पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या डोळ्यांची ती होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांना सर्व राज्यांना पत्र लिहून याच जुन्या अटीची आठवण द्यावी लागली. त्यानंतर ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल इत्यादी धोक्याच्या द्रवांचा प्रवास, म्हणजे ते कोणी बनविले, कोणाला विकले आणि त्या बॅचचा अहवाल काय, हे केंद्रीय संगणकीय प्रणालीवर नोंदविण्याची व्यवस्था करण्यात आली. लेंटिन आयोगाने पायऱ्यांचा जो हिशेब मागितला होता, त्यातील पहिली पायरी अशी जवळजवळ चाळीस वर्षांनी नोंदवहीत आली.

याच काळात कायद्याचा एक प्रवाह उलट दिशेनेही वाहिला आहे, त्याचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. किरकोळ अपराधांसाठी उद्योजकांना तुरुंगवासाची धास्ती राहू नये, या हेतूने २०२३ मध्ये जनविश्वास अधिनियम संमत झाला. त्याने औषध कायद्याच्या कलम २७ (घ) खालील अपराध आपसात दंड भरून मिटविता येण्याजोगे केले. भेसळीचे व बनावट औषध यात येत नाही, ही गोष्ट खरी. पण ‘अप्रमाणित’, म्हणजे ठरलेल्या दर्जाला न उतरणाऱ्या औषधाची पुष्कळ प्रकरणे याच कलमाखाली येतात. गोळीचा रंग किंचित उतरला, हा दोष किरकोळ मानता येईल. प्रतिजैविकात औषधाचे प्रमाण कमी भरले, तर तो रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो. दोन्हींना एकाच पंगतीत बसविण्याचे काम मिटवामिटवी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविलेले आहे. तो विवेक कसोशीने वापरला जावा, एवढीच अपेक्षा करता येते.

आता गावाकडे वळू. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधांविषयी दोन सूचना प्रत्येक शिक्षकाला आणि अंगणवाडी सेविकेला ठाऊक असाव्यात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय नियंत्रकांनी काढला. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळविले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे योग्य नव्हेत. मुलांचा बहुतेक खोकला पुरेसे पाणी, विश्रांती आणि थोडा धीर यांनी बरा होतो. धीर मात्र बाटलीत मिळत नाही, त्यामुळे तो लिहून देण्याचा मोह डॉक्टरांना फारसा होत नाही.

ग्रामपंचायत सदस्यांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. औषध विकण्यास परवाना लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये एक सवलत अनेक वर्षांपासून होती. एक हजारापर्यंत लोकवस्ती असलेल्या खेड्यात पॅरासिटामॉल, मलम, ग्राइप वॉटर, खोकल्याच्या गोळ्या आणि खोकल्याचे सिरप अशी घरगुती औषधे किराणा दुकानदारालाही परवान्याविना विकता येत. औषधाचे दुकान दहा-दहा कोसांवर असण्याच्या काळात ती सवलत उपकारक होती. अटी अशा, की माल परवानाधारक उत्पादकाचा असावा, परवानाधारकाकडूनच घेतलेला असावा आणि मूळच्या सीलबंद वेष्टनातच विकावा. छिंदवाड्याच्या घटनेनंतर या यादीतून ‘सिरप’ हा शब्द वगळण्याचा प्रस्ताव केंद्र शासनाने डिसेंबर २०२५ मध्ये मसुद्याच्या रूपाने मांडला. अंतिम शब्दांसाठी राजपत्र पाहणे हे जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे. गावच्या दुकानदाराला मात्र पंचायतीने त्याआधीच समजावून सांगण्यास कोणाचीही हरकत नसावी. फोडलेल्या बाटलीतून चमचा-दोन चमचे औषध देण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, ती तर जुन्या सवलतीतही कधीच बसत नव्हती.

शेवटी, शंका आली तर काय करावे? औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा तो दुकानदारासमोर त्याचे चार भाग करून सीलबंद करतो. एक भाग दुकानदारापाशी राहतो, एक शासकीय विश्लेषकाकडे जातो आणि एक न्यायालयासाठी जपला जातो. चौथा भाग, माल ज्याच्याकडून आला त्याला दिला जातो. यामुळे कोणालाही मागाहून नमुना बदलल्याचा कांगावा करता येत नाही. फारसे कोणाला ठाऊक नाही असे याच कायद्याचे कलम २६ आहे. विकत घेतलेले औषध विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि सहीचा अहवाल मिळविण्याचा अधिकार ते साध्या ग्राहकाला, तसेच मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला देते. महानगरांतही या कलमाचा वापर विरळाच होतो. पंचायतीने एखाद्या गरीब कुटुंबाच्या वतीने हे शुल्क भरले, तर तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

यासाठी पुरावा मात्र हाती असावा लागतो. औषध घेतल्यावर मुलाला ओकाऱ्या होऊन सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि औषधाची बाटली, तळाशी थेंबभर औषध असले तरी, बरोबर न्यावी. बाटलीवरील बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि कारखान्याचा परवाना क्रमांक डॉक्टरांना दाखवावा. दुकानाची पावती जपावी. पावतीवर बॅच क्रमांक नसेल तर दुकानदाराकडून तो लिहून घ्यावा. घरातील माणसे दुःखाच्या भरात बाटली फेकून देतात किंवा कोणी शहाणा ती धुऊन ठेवतो. अशा वेळी आशा कार्यकर्तीने अथवा शिक्षकाने ती बाटली मागून घेऊन, झाकण घट्ट लावून, त्यावर मुलाचे नाव व तारीख लिहावी आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून पोच घ्यावी.